यादीतून कापलेल्या चोपन्न सळया

बसा, चहा येतोय. पण आधीच सांगून ठेवतो, हे ऐकल्यावर तुम्ही माझ्या दुकानातून साधा खिळासुद्धा घेणार नाही. नका घेऊ! झाशीतल्या अख्ख्या मराठी समाजाला जे ठाऊक झालंय, ते तुमच्यापासून लपवून काय करू?

माझं दुकान सदर बाजारच्या रस्त्याला. छपराचं लोखंड विकतो. पत्रे, गर्डर, नट-बोल्ट आणि पर्लिन. पर्लिन म्हणजे काय, ते कुठल्याही शेडखाली उभं राहून वर बघा. पत्र्याच्या पोटाशी ज्या लांबच लांब पट्ट्या आडव्या गेलेल्या दिसतात, त्या. पातळ पोलादी पत्रा न तापवता, थंडच मशीनमध्ये दाबून झेडसारखा वळवतात. वजनाला हलकी, दिसायला सडपातळ, आणि भार असा पेलते की बघत राहावं!

आमचे पूर्वज इथे पूजा सांगायला आले. मी घंटा सोडून लोखंड वाजवायला लागलो, म्हणून बाजारात मला 'लोहेवाले पंडितजी' म्हणतात. शिक्षण विचारू नका. बारावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा बसलेलाच राहिलो. बाकी सगळं गल्ल्यावर शिकलो.

दुकानात माझा एक प्रयोग ठरलेला होता. 'होता' म्हणतोय, ऐका. सुताराकडून दोन लाकडी ठोकळे करून घेतले होते, वर खाच पाडून. त्या खाचांत पर्लिनचा पाच फुटी तुकडा बसवायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं, "इतनी पतली है पंडितजी, टिकेगी क्या?" की मी चपला काढून त्या तुकड्यावर उभा! हातात चहाचा कप. वजन ब्याण्णव किलो. पूर्ण कप संपवायचा, मगच उतरायचं. नगऱ्यापासून बबीन्यापर्यंत निम्मी गोदामं मी अशी चहा पिऊन विकलीत. इंजिनियर लोक कागदावर दाखवतात, मी उभा राहून दाखवतो!

आता मुद्द्याचं. आमच्या मंडळाचा एक हॉल आहे. वर्षभर तिथे कुलूप आणि कबुतरं. पण गणपतीचे दहा दिवस विचारू नका. आमची मुलं-नातवंडं एरवी 'हाँ दादाजी, आया दादाजी' करत फिरतात. मराठी कळते सगळी, तोंडातून निघत नाही. त्या दहा दिवसांत मात्र आरत्या म्हणतात, नाटुकलं करतात, चुकत-माकत का होईना बोलतात. यंदा हॉलचे जुने सिमेंटचे पत्रे फुटले, म्हणून नवं छप्पर घालायचं ठरलं. मी सभेत उठून सांगून टाकलं, "लोखंड माझ्याकडून. आणि शब्द देतो, यंदाचा गणपती याच छपराखाली बसेल."

टाळ्या पडल्या. टाळ्या फार वाईट हो! माणसाला वाटतं आपल्याला सगळंच येतं.

नकाशा काढला जोगळेकर साहेबांनी. सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर, मूळचे सांगलीकडचे. नोकरीसाठी आले आणि इथेच राहिले. माणूस सज्जन, पण आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या झाशीत मुरलेल्यांची मराठी त्यांना सोसत नाही. मी म्हणालो, "साहेब, छत टपकतंय." ते म्हणाले, "छप्पर गळतंय." छपराला काही फरक पडला का? नाही. पण दुरुस्ती करायचीच.

तर साहेबांनी यादी दिली. पर्लिन वीस फुटी, इतक्या. पत्रे इतके. आणि शेवटी, सळया, चोपन्न. बोटाएवढ्या जाड, चार फूट लांब, दोन्ही टोकांना आटे. एका पर्लिनमधून दुसरीत ओवायच्या आणि नटांनी आवळायच्या.

"साहेब, ह्या कशाला?"

"पत्रा बसेपर्यंत पर्लिन सरळ उभी राहावी म्हणून."

"ती काय लहान मूल आहे, बोट धरून उभी करायला?"

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "मुळ्ये, यादीप्रमाणे द्या."

यादीप्रमाणे द्या! मला! इतकी वर्षं या धंद्यात घातली, आणि हा माणूस मला किराणा दुकानदारासारखा यादी देतो?

मी सळया मागवल्या. आल्या. दुकानात पडल्या. इकडे हल्के मिस्त्री म्हणाला की सळया ओवायला दोन दिवस जातील. हल्के म्हणजे आमच्याकडचा छपरांचा जुना जाणता कारागीर, पक्का बुंदेली. गणपतीला उरले होते नऊ दिवस. मी हिशेब केला: डॉक्टर जसे कागद भरायला ताकदीच्या गोळ्या लिहितात, तशा इंजिनियर लोक सळया लिहितात. म्हटलं, "सळया राहू दे. सरळ पत्रे चढव."

"नक्शे में तो धरीं हैं, पंडितजी."

"नक्शा मी वाचलाय!"

वाचला होताच की. समजला होता असं कुठं म्हणालो मी?

आणि ऐका, साहेब नेमके त्याच सुमारास भोपाळला गेले, डोळ्याच्या तपासणीसाठी. म्हणजे बघणारा एकच माणूस, आणि त्याचेच डोळे गावाबाहेर!

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मिस्त्रीचा फोन.

"पंडितजी, तुमाई परलिनें तो लेट गईं."

"लेट गईं म्हणजे?"

"हओ, लेट गईं. करवट लैकें."

मी स्कूटर हाणत गेलो. बघतो तर काय! छपराच्या मधोमध पत्र्यांचा गठ्ठा ठेवायला गेले होते. अर्धा ठेवला नाही तोच तीन पर्लिन कुशीवर वळल्या. मोडल्या नाहीत, तुटल्या नाहीत. म्हैस डबक्यात कलंडते ना, तशा निवांत कलंडल्या. पत्रे घसरून शेजारच्या कडुनिंबात अडकले होते. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही, देवाची कृपा. खालची कुत्री तेवढी भोपाळपर्यंत पळाली असावीत.

माझं डोकं सटकलं. "नट ढिले ठेवले असशील!"

"एकऊ ढीलो नइयाँ, हात लगा कें देख लो. माल नरम है तुमाओ."

माल नरम! चार मजुरांसमोर! मी खिशातून मापाचा चिमटा काढला, तिथल्या तिथे जाडी मोजली. दोन मिलिमीटर म्हणजे दोन मिलिमीटर, केसभर कमी नाही. हल्केनं चिमटा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि बिडी पेटवली. त्या बिडीत जेवढा अपमान होता तेवढा शिवीतसुद्धा नसतो.

तोवर कुणीतरी भोपाळला बातमी पोचवलीच. साहेबांचा फोन.

"मुळ्ये, सळया घातल्या होत्या ना?"

आता इथे सरळ माणसानं काय म्हणावं? 'नाही साहेब, चुकलो.' तीन शब्द, विषय संपला. पण मला आठवलं ते 'यादीप्रमाणे द्या'. आणि माझ्या तोंडून निघालं, "हो म्हणजे काय साहेब! अगदी यादीप्रमाणे."

"फोटो पाठवा."

पाठवला! सळयांचाच पाठवला. दुकानात पडलेल्या बंडलाचा, अगदी जवळून, मागचं काही दिसू नये असा. खोटं कुठं होतं त्यात? सळया होत्या, चोपन्न होत्या, माझ्या होत्या.

मी समजलो, मिटलं. अहो, कसलं मिटलं! थोड्याच वेळात मंडळाच्या ग्रुपवर साहेबांचा संदेश. भाषा बघा: 'सळया बसवूनही पर्लिन पिळल्या, याचा अर्थ पोलाद निकृष्ट आहे. सर्व माल उतरवावा. गणपतीची व्यवस्था अन्यत्र करावी.'

निकृष्ट! माझं पोलाद! खाली लगेच कुणाचे हात जोडलेले, कुणाचे रडके चेहरे. एकानं तर चुकून अंगठाच वर केला.

आता माझी गोची बघा. माल अस्सल आहे हे सिद्ध करायचं, तर सळया घातल्या नाहीत हे कबूल करायला हवं. आणि सळया घातल्या या शब्दावर टिकायचं, तर माल बोगस हे मान्य करायला हवं. एकीकडे खोटारडा, दुसरीकडे भेसळवाला. आणि दोन्ही खड्डे मीच खणलेले!

घरी आलो तर बायको, सुधा. शाळेत गणित शिकवते. तिच्यासमोर बेरीज चुकून चालत नाही.

"अहो, दुकानात डबा द्यायला गेले तर त्या सळयांच्या बंडलाला ठेच लागली. त्या हॉलच्या ना?"

"त्या वेगळ्या."

"किती आहेत?"

"असतील पन्नास-साठ."

"मी मोजल्या. चोपन्न आहेत." एवढं बोलून ती भाजी चिरायला बसली. तुम्हीच सांगा, याला संसार म्हणायचं की चौकशी आयोग?

पुढच्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरी वैशालीताईंचा फोन. नागपूरच्या, बोलायला गोड, ठरवायला वीज. "मुळ्येकाका, हायवेवरचं मॅरेज गार्डन मिळतंय. पण आरतीला तासभरच देतात. त्यानंतर त्यांच्या लग्नांचा डीजे असतो. दुपारी बारापर्यंत होय-नाही सांगायचंय."

हायवेवरचं मॅरेज गार्डन! तिथे संध्याकाळी ऑटो जात नाही, म्हातारी माणसं जाणार नाहीत, शाळकरी मुलांना कोण सोडणार? तासाभरात आरती उरकायची आणि डीजेच्या तालावर प्रसाद वाटायचा. म्हणजे दहा दिवसांचा गणपती गेला, मुलांचं नाटुकलं गेलं, जे काय चार शब्द मराठी वर्षातून एकदा उगवतं तेही गेलं. आणि सगळं माझ्या शब्दापायी.

सांगायला पाहिजे होतं तेव्हाच. जिभेवर आलंही होतं. पण मी काय म्हणालो? म्हणालो, "ताई, बाराच्या आत सगळ्या कमिटीला हॉलवर बोलवा. माल निकृष्ट आहे का ते मी स्वतः दाखवतो."

कसं दाखवणार? उभा राहून!

अकराला सगळे जमले. वैशालीताई कानाला फोन लावून, पलीकडे गार्डनवाला ताटकळलेला. कमिटीची सातआठ माणसं, मुलांचा घोळका, सुधा पर्स छातीशी धरून. मी हॉलच्या मधोमध बांबूची परांची बांधून घेतली होती, वर चढून सरळ पर्लिनवर पाऊल टाकता यावं म्हणून. चहाचा कपही मागवला होता. प्रयोग म्हणजे प्रयोग!

हल्के दोर घेऊन आला. "कमर में रस्सी बाँध लो, पंडितजी."

"काए? हम का भैंस हैं?"

"भैंस होती तो चढती नइयाँ."

सगळे हसले. मी रागानंच दोर बांधून घेतला. दुसरं टोक त्यानं वरच्या गर्डरला पक्कं केलं. त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण तेव्हा मी त्याच्याकडे असं बघितलं की बस.

वर चढलो. वळलेल्या तीन सोडून चौथी पर्लिन निवडली, एकदम ताठ. डाव्या हातात कप. खाली बघून भाषण सुरू केलं, "मित्रहो, हे पोलाद..."

इतक्यात फाटकातून ऑटो आत. जोगळेकर साहेब! डोळ्यावर काळा चष्मा, हातात बॅग, स्टेशनवरून थेट. मान वर केली, काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि जागच्या जागी किंचाळले, "मुळ्ये! पाय ठेवू नका! उतरा खाली!"

आता मला काय वाटलं असेल? वाटलं, घाबरले! आपला 'निकृष्ट' शब्द खोटा पडणार म्हणून साहेब घाबरले! मी हसून म्हटलं, "साहेब, तुम्ही बघाच!"

आणि दोन्ही पाय ठेवले.

एक क्षण, खरं सांगतो, एक पूर्ण क्षण ती मला पेलून उभी राहिली. मी कप तोंडाला लावला. आणि मग पर्लिननं काय केलं असेल? वाकली? नाही. मोडली? नाही. बाजारात ओळखीचा माणूस तोंड फिरवतो ना, तसं तिनं तोंड फिरवलं. पायाखालची सपाटी होती ती धार झाली, धारेची भिंत झाली, आणि मी हवेत!

दोर ताणला. कमरेत असा हिसका बसला की सकाळचे पोहे आठवले. चहा अर्धा माझ्या सदऱ्यावर, अर्धा खजिनदारांवर. आणि मी मधोमध लोंबकळतोय, संथपणे गोल गोल फिरत. एका फेरीत कमिटी दिसायची, एका फेरीत भिंत. भिंत जास्त बरी वाटत होती.

"अहो!" सुधा ओरडली. "लागलं का?"

"नाही!"

"मग आता तरी सांगा!"

ही बायको. नवरा टांगलेला आहे, आणि हिला उत्तर पाहिजे.

जोगळेकर साहेब खाली येऊन उभे राहिले. शांत आवाजात म्हणाले, "मुळ्ये, मला वर एकही सळई दिसत नाही. डोळे तपासून आलोय, तेव्हा माझ्या डोळ्यांचा दोष नसावा."

मी भिंतीकडे तोंड येईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "नाहीत साहेब. घातल्याच नाहीत. दुकानात आहेत."

"आणि फोटो?"

"दुकानातलाच."



साहेब चिडले नाहीत हो! तेच फार झोंबलं. त्यांनी एका मुलीकडून प्लॅस्टिकची फूटपट्टी घेतली. दोन वह्यांवर धारेवर उभी केली आणि वरून बोटानं दाबली. पट्टी वाकण्याऐवजी कडेला पिळून आडवी पडली. मग त्या मुलीला पट्टीच्या मधोमध दोन्ही बाजूंनी बोटं लावायला सांगितली आणि पुन्हा दाबली. पट्टी ठाम! म्हणाले, "ताकद तीच. फक्त कडेला वळायला जागा नाही. छप्पर पूर्ण झालं की पत्राच पर्लिनला धरून ठेवतो. तोवर तिला धरायला त्या सळया. दुकानातला तुकडा आखूड आहे, शिवाय तुमच्या ठोकळ्यांच्या खाचांनी घट्ट धरलेला. इथे वीस फूट आहे, आणि मोकळी."

सात वर्षांच्या मुलांना समजलं. मला फिरत फिरत समजलं.

पण धंदेवाल्याची जात बघा. कंबर काचतेय, पाय हवेत, सदरा चहानं भिजलेला, आणि मी वरून काय विचारावं? "म्हणजे साहेब, माल चांगला आहे ना?"

"माल उत्तम आहे."

"मग तेवढं ग्रुपवर टाका ना! आत्ता! माझ्यासमोर!"

वैशालीताईंनी कपाळाला हात लावला. "काका, गार्डनवाला अजून लाइनवर आहे. त्याला काय सांगू?"

मी साहेबांकडे बघितलं. म्हणजे फेरी पूर्ण होऊन ते समोर आल्यावर बघितलं. "साहेब, सळया घालून होईल का वेळेत?"

"आज दुपारपासून लागलात, पत्रे कडेकडेनं एकेक चढवलेत आणि तुम्ही मध्ये काही बोलला नाहीत, तर होईल."

"नाही सांगा त्याला!" मी ओरडलो. "गार्डन नको म्हणून सांगा! आणि मला खाली घ्या रे कुणीतरी!"

हल्केनं घेतलं खाली. बिडी तोंडातच होती. एवढंच म्हणाला, "माल सई में बढ़िया है पंडितजी. रस्सी को." म्हणजे माझा नाही, दोराचा!

त्या दिवसापासून मी हॉलवर नुसता हमालासारखा राबलो. चोपन्न सळया स्वतः वाहिल्या. पिळलेल्या चार पर्लिन बदलून दिल्या, चौथी माझ्याच चरणस्पर्शानं गेलेली. साहेब खाली खुर्ची टाकून, प्रत्येक नट मोजून घेत होते. मी दोनदा सल्ला द्यायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा सुधानं त्यात लाडू घातला. छप्पर वेळेच्या एक दिवस आधी पुरं झालं. गणपती तिथेच बसला. ठणठणीत छप्पर, एक पर्लिन हलली नाही.

मला वाटलं, झालं, लोक विसरतील.

पहिल्या आरतीला सहकुटुंब गेलो. हॉलच्या दाराशी नवी कोरी पाटी. कमिटीनं ठराव करून लावलेली, अक्षर वैशालीताईंचं, मजकूर जोगळेकर साहेबांचा, म्हणजे शुद्धलेखनाच्या चुकीला जागा नाही: 'देणगीदारांस नम्र विनंती. दिलेल्या वस्तूवर स्वतः उभे राहू नये.'

खाली मुलांची ही गर्दी! तुम्हाला सांगितलं ना, आमच्या मुलांच्या तोंडून मराठी निघत नाही म्हणून? मंडळानं वर्ग काढले, बक्षिसं लावली, पुस्तकं वाटली. एकानं कधी ओळ धड वाचली नाही. आणि त्या दिवशी अख्खी फौज एका सुरात ती पाटी वाचत होती. स्पष्ट, खणखणीत, एकही उच्चार न चुकता. माझा नातू सगळ्यात पुढे. मला बघताच त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.